मसोलीची जपानीण

रविवारी सकाळी दारावर दोनदा टकटक झाली की मी समजायचे, घरमालक काका माती घेऊन आले. दार उघडलं की समोर त्यांचा उजवा तळहात, तळहातावर चिमूटभर ओली माती आणि मागे परीक्षेला बसल्यासारखा गंभीर चेहरा.

"घे वास."

"काका, मी आत्ता उठतेय."

"तेच बरं. नाक कोरं असतं."

मी वाकून वास घ्यायचे.

"आंबट येतोय?"

"नाही."

"कुजका?"

"नाही. मातीसारखाच येतोय."

"मातीसारखा म्हणजे कसा? नीट सांग."

मग मला विचार करून सांगावं लागायचं. ओल्या माठासारखा. बटाट्याच्या सालीसारखा. एकदा झोपेच्या भरात मी "बुरशी आलेल्या पावासारखा" असं म्हणून गेले. काका तसेच वळले. दहा मिनिटांनी परसात जाऊन बघते तर कुंडी आडवी, झाडाची मुळं उघडी, आणि काकू कपाळाला हात लावून उभ्या.

काकांना वास येत नसे. डहाणूच्या बंदराजवळ मासळीसाठी बर्फ करणारा एक कारखाना आहे, तिथे त्यांनी तीसेक वर्षं मशीन चालवलं होतं. त्यातल्या अमोनियाने नाक गेलं. "अमोनियाने नेलं," असं ते म्हणायचे, कुणी शिडी मागून नेली आणि परत आणून दिली नाही अशा सुरात. कुंडीत मुळं कुजायला लागली तर ते डोळ्यांच्या आधी नाकाला कळतं, म्हणून त्यांना दुसऱ्याचं नाक लागे. आधी हे काम काकूंकडे होतं. पण काकू प्रत्येक वेळी "मातीचा वास मातीसारखा" म्हणून स्वयंपाकघरात निघून जायच्या. मग भाडेकरूवर पाळी आली.

मी मूळची सांगलीकडची. तलासरीत एका लहानशा लॅबमध्ये रक्त-लघवी तपासायची नोकरी लागली. गावी जायला रेल्वे जवळ असावी म्हणून डहाणू रोडला लागून मसोलीत खोली शोधत होते. काकांच्या घराची मागची खोली रिकामी होती. गाव कुठलं, पगार किती, लग्न झालं का, यातलं काही त्यांनी विचारलं नाही. एकच प्रश्न विचारला, "तुला सारखी सर्दी होते का?" मी नाही म्हटलं, आणि खोली मिळाली.

तिथे मी तीन वर्षं राहिले. काकांना जाऊन आता दीड वर्ष झालं. त्यांची आठवण काढते तेव्हा मला ते झाडासकटच आठवतात.

झाड गुडघ्याएवढं होतं. जपानी मॅपल, त्यातलं बुटकं, लाल पानांचं. पान म्हणजे तान्ह्या मुलाने उघडलेला पंजा, फक्त बोटं सात. रंग वाळत घातलेल्या कोकमासारखा, कोवळं असताना जरा उजळ. ते हिमाचलच्या एका नर्सरीतून ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून आलं होतं. थंड डोंगरातलं झाड, आणि आमच्याकडे एप्रिलमध्ये दुपारी अंगणातली पाण्याची बादलीसुद्धा हाताला चटका देते. परसात चिकूचं एक जुनं झाड होतं, त्याच्या सावलीत काकांनी जुन्या मासेमारीच्या जाळ्याचा मांडव केला होता. मांडवाला तिन्ही बाजूंनी गोणपाटाचे पडदे. ते पडदे दिवसातून चार वेळा ओले करायचे. परस म्हणावं तर दोन चटया अंथरता येतील एवढंच, त्यातली एक चटई जपानणीची.

जपानीण हे नाव काकूंनी ठेवलेलं. "तुमची जपानीण पाणी मागते काय बघा." "जपानणीला ऊन लागते, इथे कपडे सुकवायचे नाय, मग माझे कपडे काय डोक्यावर सुकवू?" काकू तलासरीच्या पुढच्या डोंगरातल्या, भात-नागली करणाऱ्या घरातल्या. झाडं त्यांना कळत होती. म्हणूनच एखाद्या झाडाचे इतके लाड त्यांना पटत नसत.

काका भेटल्यावर "कसं काय" वगैरे विचारत नसत. तापमान सांगत. "आज एकतीस." "आज दमट आहे, अठ्ठावीस असूनही घाम येईल." थर्मामीटर त्यांच्याकडे नव्हता, उजवा तळहात होता. चहाच्या कपाला, मोटारसायकलच्या सीटला, भिंतीला, माणसाच्या कपाळाला ते हात लावून सांगत. मी लॅबचा थर्मामीटर आणून एकदा त्यांची परीक्षा घेतली होती. एका डिग्रीचा फरक आला. काकांनी थर्मामीटर हातात घेऊन उलटसुलट बघितला आणि म्हणाले, "जुना झालाय तुमचा."

त्यांचा तपकिरी स्वेटर मे महिन्यातही सायकलच्या हँडलवर लटकलेला असायचा. निवृत्त होऊन पाच वर्षं झाली होती, पण कधी कारखान्यात बोलावणं येईल सांगता येत नाही, असं त्यांचं म्हणणं. बोलावणं खरंच यायचं. मशीनचा आवाज बदलला की नवा ऑपरेटर फोन मशीनपाशी धरायचा आणि काका इकडे मसोलीत डोळे मिटून ऐकायचे.

मसोलीत बोअरचं पाणी खारं. या झाडाला मीठ अजिबात चालत नाही, पानांच्या कडा जळतात. काका पावसाळ्यात ड्रम भरून ठेवत, पण ते होळीपर्यंतच पुरायचे. मग एक दिवस त्यांनी मला विचारलं, "तुमच्या लॅबला एसी आहे ना? त्याचं पाणी कुठे जातं?"

"गटारात."

काकांनी माझ्याकडे असं बघितलं, की मला स्वतःचीच लाज वाटली.

एसीचं पाणी म्हणजे हवेतलं पाणी, त्यात मीठ नसतं. दुसऱ्या दिवसापासून मी तलासरीच्या लॅबमागे नळीखाली पाच लिटरचा कॅन लावला आणि संध्याकाळी तो एसटीने मसोलीला आणायला लागले. पहिल्याच दिवशी कंडक्टरने अडवलं.

"मॅडम, डिझेल नेता येत नाही गाडीतून."

"पाणी आहे."

"तलासरीहून डहाणूला पाणी?"

"एसीचं आहे. झाडाला."

त्यांनी झाकण उघडून वास घेतला, बोट बुडवून बघितलं आणि शेवटी कॅन स्वतःच सीटखाली सरकवला. पुढे पुढे ते तिकीट फाडताना विचारायचे, "कसं आहे तुमचं झाड?" मी सांगायचे, "तीन पानं नवीन." मागच्या सीटवरच्या, बाजार करून परतणाऱ्या बायकाही ऐकायच्या आणि कुणाच्या घरी पाहुणी आली असावी तशा माना हलवायच्या.

हे झाड काकांचं पहिलं मॅपल नव्हतं. पहिल्या मॅपलची गोष्ट मला काकूंनी सांगितली, काका समोर बसलेले असताना.

मी यायच्या आधी काकांनी मोबाईलवर जाहिरात बघून रोप मागवलं होतं. लाल पानं, बोटं फुटलेली, अगदी चित्रातल्यासारखी. ते रोप डहाणूच्या हवेत असं काही उसळलं की काकांना आकाश ठेंगणं झालं. तीन महिन्यांत कमरेएवढं, पाच महिन्यांत पत्र्याला टेकलं. बुटकं म्हणून घेतलं होतं याचं त्यांना काही वाटलं नाही. कारखान्यातली माणसं बघायला आली, स्टेशनजवळचे डॉक्टर येऊन गेले. काका सगळ्यांना सांगायचे, "हवा मानवली."

"मंग एक दिवस फूल आलं," काकू म्हणाल्या. "मी बघितलं, म्हटलं हे फूल तं ओळखीचं हाय. एक पान तोडलं न् चावलं. आंबट. हे म्हणतात, अगं खाते काय जपानचं झाड. मी म्हटलं, कसलं जपान, ही अंबाडी हाय."

लाल पानांची अंबाडीच निघाली ती. काकूंनी त्याच संध्याकाळी विळीवर बसून अर्धं मॅपल चिरलं आणि तुरीच्या डाळीत घातलं.

"तुम्ही खाल्लीत?" मी काकांना विचारलं.

"दोन दिवस नाही खाल्ली," काका म्हणाले. मग म्हणाले, "तिसऱ्या दिवशी खाल्ली. चांगली झाली होती."

एवढं होऊनही पुन्हा खरं मॅपल मागवायचं, ते जगवायचं, हे कशासाठी, असं मी त्यांना विचारलं होतं. तेव्हा डिसेंबर होता आणि आम्ही जपानणीला माहेरी सोडायला चाललो होतो.

माहेर म्हणजे बर्फाचा कारखाना. या जातीच्या झाडाला वर्षातून महिना-दीड महिना कडक थंडी लागते. पानं गाळून ते झोपतं, झोप झाली नाही तर दोन-तीन वर्षांत दमून मरतं. डहाणूचा हिवाळा म्हणजे सकाळी दोन तास अंगावर शाल, त्याने त्याचं काय होणार. काकांनी कारखान्यात बर्फाच्या लाद्या ठेवायच्या खोलीच्या अलीकडची एक लहान खोली मागून घेतली होती. तिथे बर्फ जमत नाही, पण गारठा असतो. दर डिसेंबरला कुंडी रिक्षातून तिथे जायची आणि जानेवारी सरताना परत यायची. निघताना काकू नाही नाही म्हणत कुंडीला हळदीकुंकू लावायच्या.

रिक्षात काकांनी कुंडी मांडीवर धरली होती. ते म्हणाले, "कारखान्याच्या ऑफिसात एक कॅलेंडर होतं. एका महिन्याच्या पानावर रस्ता, दोन्ही बाजूंनी झाडं, पिवळी, तांबडी, केशरी. मशीन दुरुस्त करायला एक इंजिनीअर यायचे. त्यांना विचारलं, हा रंग कुणी भरलाय का? ते म्हणाले, नाही, थंडी पडली की तिकडे झाडं अशी होतात. हिरवी असतात ती बदलतात, मग गळतात. मला वाटलं, थंडी तर मी रोज करतो. एवढी वर्षं केली. ती सगळी मासळीला गेली. त्या थंडीने एखादं झाड असं होताना बघावं एकदा."

"मग हे होतं का तसं?"

काकांनी पानं कुरवाळली. "ही जन्मापासूनच लाल. हिला काय बदलायचं? लालची तपकिरी होते, आणि खोलीत अंधारात गळून जाते. घेतली तेव्हा मला कळलं नव्हतं." मग म्हणाले, "पण आता ती आपल्याकडे आलीये ना."

पुढच्या एप्रिलमध्ये काकांच्या छातीत दुखलं. गुजरातेत मोठ्या दवाखान्यात न्यायचं ठरलं, बायपास करावी लागणार होती. काकू बरोबर जाणार होत्या. गाडी दारात उभी असताना काका मला परसात घेऊन गेले आणि कॅलेंडरच्या मागच्या बाजूला लिहिलेल्या सूचना माझ्या हातात दिल्या. पडदे किती वाजता भिजवायचे, पाणी कुठल्या भांड्याने, वारा पश्चिमेचा असेल तर काय. सगळ्यात खाली लिहिलं होतं, 'वास घेत जाणे.'

लॅबमधून पडदे चार वेळा भिजवणं शक्य नव्हतं, म्हणून मी बाटल्यांना भोकं पाडून त्या गोणपाटावर टांगल्या. दहा दिवस सगळं नीट चाललं. अकराव्या दिवशी सकाळी कुंडीखाली मुंग्या दिसल्या. मी कुंडी उचलून ओट्यावर ठेवली, जागा झाडली, पाणी मारलं. तेवढ्यात लॅबमधून फोन आला, शिबिर आहे, लवकर ये. समोर रिक्षा दिसली आणि मी पळाले.

कुंडी ओट्यावर राहिली, हे मला दुपारी दोन वाजता आठवलं. हातात कुणाच्या तरी रक्ताची नळी होती. मी पोहोचेपर्यंत पाच वाजले. ओटा पश्चिमेकडे तोंड करून होता. पानं तव्यावर विसरलेल्या पापडासारखी वळली होती. हात लावला तर मोडत होती. मी कुंडी मांडवात नेली, पडदे भिजवले, नंतर त्या झाडासमोर बसून राहिले.

सहा वाजता फोन वाजला. काकांचं ऑपरेशन होऊन तीन दिवस झाले होते आणि पहिल्यांदाच ते स्वतः बोलत होते. आवाज लांबून आल्यासारखा.

"कशी आहे?"

मी म्हटलं, "छान आहे."

त्यानंतर रोज सहा वाजता फोन यायचा. रोज मी सांगायचे. सुरुवातीला तुटक, मग जरा सविस्तर. शेंड्याला नवीन पालवी आली. पाऊस नसूनही तजेला आहे. सकाळी एक बुलबुल येऊन बसला, हाकलला नाही. हे मी त्या वाळलेल्या काड्यांसमोर उभी राहून बोलायचे. हिमाचलच्या नर्सरीला फोन केला, ते म्हणाले, उन्हाळ्यात रोप पाठवत नाही. मग दुसरं काही सुचेना.

एक दिवस काकांनी विचारलं, "डावीकडे खाली एक फांदी आहे, तिच्यावर पानं आहेत का?"

"आहेत की. पाच-सहा आहेत. लालबुंद."

मला वाटलं रेंज गेली. मग तिथलं गुजराती उचलून म्हणाले, "सारू. चांगलं आहे." आणि फोन काकूंकडे दिला.

मेच्या शेवटी ते परत आले. गाडीचा आवाज ऐकून मी फाटकापाशी जाऊन उभी राहिले. काका निम्मे झाले होते, त्या उकाड्यात अंगात तो तपकिरी स्वेटर. घरात जाण्याआधी सांगून टाकायचं असं मी ठरवलं होतं.

"काका, झाड गेलं. माझ्यामुळे गेलं. मी खोटं बोलत होते."

"माहीत आहे," ते म्हणाले आणि भिंत धरून आत जायला लागले.

"कधीपासून?"

"तू डाव्या फांदीवर पानं आणलीस तेव्हापासून. ती फांदी मी जायच्या आदल्या दिवशी कापली होती. कीड होती तिच्यावर."

मी तिथेच उभी राहिले. काकूंनी माझ्या हातात पिशवी दिली, त्यामुळे मला आत जावं लागलं. काका आरामखुर्चीत बसले. पाणी प्यायले. पाण्याचं तापमान सांगितलं नाही.

"मग बोलला का नाहीत?"

"पहिल्या दिवशी राग आला. हिला विचार, मी जेवलो नाही." काकूंनी मान डोलावली. "दुसऱ्या दिवशी सहा वाजायला आले तेव्हा बघतो तर मी फोन हातात घेऊन बसलोय. म्हटलं, आज काय सांगते बघू. तो बुलबुल वगैरे." त्यांना जरा धाप लागली. "तू सांगायचीस तसं झाड माझ्याकडे कधीच नव्हतं. तिथे पडल्या पडल्या तेच बघत होतो."

मला रडू आलं. काकू म्हणाल्या, "रडते काय, भांडी घास जा माझ्याबरोबर," आणि मला आत घेऊन गेल्या.

दुसऱ्या दिवशी काका परसात गेले. नखाने खोडाची साल खरवडत खरवडत खाली आले. वर सगळीकडे तपकिरी. मातीपासून चार बोटांवर एक गाठ होती, तिच्याखाली खरवडलं तर ओलं हिरवं निघालं. त्यांनी गाठीवरचा सगळा भाग कात्रीने कापून टाकला आणि ते आत गेले.

त्यानंतर तीन रविवार माझं दार वाजलं नाही. मी उठून वाट बघायचे. घरात ते माझ्याशी बोलत, हसतही, पण परसाकडचं दार बंद असे. चौथ्या रविवारी मीच कुंडीतली चिमूटभर माती तळहातावर घेतली आणि जाऊन त्यांचं दार वाजवलं. काकांनी दार उघडलं. मी हात पुढे केला.

"ओल्या माठासारखा येतोय," मी म्हटलं. "आंबट नाही. कुजका नाही."

काकांनी मातीकडे बघितलं, मग माझ्याकडे. "पडदे भिजवलेस?" त्यांनी विचारलं, आणि चपला घातल्या.

जुलैत गाठीखालून कोंब आले. दोन, मग चार. पानं पंजासारखीच, पण हिरवीगार. शेजारच्या चिकूवाडीवाल्यांनी कुंपणावरून बघून अभिनंदन केलं, "काका, वाचली तुमची जपानीण."

"ती गेली," काका म्हणाले. "ही तिच्या खालची."

चिकूवाडीवाल्यांना लगेच समजलं. आमच्याकडे चिकूचं कलम रायणीच्या, म्हणजे खिरणीच्या रोपावर बांधतात. कलम मेलं तर खालून रायण फुटते. तसंच हे, वर नाजूक लाल जात आणि खाली कुठल्यातरी साध्या हिरव्या मॅपलचं दणकट मूळ. "मग काढून टाका," ते म्हणाले. "रायण ठेवून काय करणार?"

काकूंनीही विचारलं, "हिला ठेवायची का काढायची?"

काका पाणी मात्र वेळेवर देत राहिले. ऑगस्टमध्ये एकदा म्हणाले, "एवढ्या उन्हात खाली गप्प बसून होती. आता बाहेर आलीये तर हाकलायची कशी?" त्यावर पुढे चर्चा झाली नाही.

डिसेंबर आला. डॉक्टरांनी काकांना जड उचलायला आणि थंडीत जायला सक्त मनाई केली होती, बर्फाच्या कारखान्यात तर पाय ठेवायचा नव्हता. म्हणून त्या वर्षी काकू आणि मी कुंडी घेऊन रिक्षाने निघालो. काका फाटकात उभे राहून सूचना देत होते आणि काकू "हां, हां" म्हणत होत्या.

कारखान्यात काकू पहिल्यांदाच आल्या होत्या. ती खोली त्यांनी बघितली. खिडकी नाही, दिवा नाही, भिंतीतून गारवा पाझरतोय. बाहेर आल्या आणि ऑपरेटरला म्हणाल्या, "दिवसभर हिला अंधारात कोंडायची? माहेरी असं ठेवतात काय कोणाला?"

"काकू, दरवर्षी असंच असतं."

"ती दुसरी होती. हिला संध्याकाळी आत घ्यायची, सकाळी बाहेर काढायची. त्या भिंतीच्या आड, उन्हात. रोज."

"काकांनी तसं सांगितलेलं नाही."

"मी सांगते ना."

ऑपरेटर भला माणूस होता. त्याने तसं केलं. रात्री गारठ्यात, दिवसा कोवळ्या उन्हात, असं तीन आठवडे चाललं. मग त्याचा काकूंना फोन आला, जरा घाबरून. झाड आजारी पडलंय, पानं पिवळी व्हायला लागलीत, काकांना सांगू नका, आधी येऊन बघा.

आम्ही गेलो. पानं खरंच पिवळी पडली होती. सगळी नाहीत, वरची आठ-दहा. काहींच्या कडांना तांबूस रंग चढला होता, एक तर टोकाकडे पेटल्यासारखं केशरी. काकूंचं तोंड उतरलं. "माझंच चुकलं. मी कशाला मधे बोलले." परतताना रिक्षात त्यांनी कुंडी पदराखाली धरली होती. मला एप्रिल आठवत होता. या वेळी काही लपवायचं नाही, एवढं मी त्यांना सांगितलं. त्यांनाही लपवायचं नव्हतंच.

काका ओट्यावर बसले होते. काकूंनी कुंडी त्यांच्यापुढे ठेवली आणि म्हणाल्या, "मी तिला रोज उन्हात काढायला लावली. म्हणून आजारी पडली. बोला काय बोलायचं ते."

काकांनी झाडावरचा काकूंचा पदर बाजूला केला. खूप वेळ ते बघत राहिले. मग उजवा तळहात त्या केशरी पानाखाली धरला, कपाळाला हात लावावा तसा.

"आजारी नाही," ते म्हणाले. "आजारी नाही ही."

काकूंना काही समजेना. काकांनी त्यांचा हात धरून त्यांना खाली बसवलं आणि कॅलेंडरवरचा तो रस्ता, इंजिनीअर, थंडी, सगळं सांगितलं. इतक्या वर्षांच्या संसारात हे त्यांनी काकूंना सांगितलेलंच नव्हतं. काकू ऐकत होत्या, मधूनच पानांकडे बघत होत्या. शेवटी म्हणाल्या, "मंग आधी बोलायचं. मी पयल्या वर्षीच उन्हात काढली असती."

पुढचे चार दिवस काका खुर्ची टाकून झाडासमोर बसले. पान गळताना बघायचं होतं. आंघोळ, जेवण, गोळ्या, सगळ्यासाठी त्यांना ओढून उठवावं लागे. चौथ्या दिवशी सकाळी मी कामाला निघत होते. काकूंनी त्यांना रक्तदाबाची गोळी घ्यायला आत पाठवलं आणि तिथेच अंगणात सुपात तांदूळ निवडत बसल्या. काका परत आले तेव्हा ते केशरी पान मातीवर पडलेलं होतं.

ते खुर्चीच्या पाठीला हात टेकून उभे राहिले.

"पडलं?"

"पडलं," काकू म्हणाल्या.

"कसं पडलं?"

"पडलं म्हणजे पडलं. कसं पडणार?" काकूंनी तांदळातला खडा काढून टाकला. मग त्यांचा हात थांबला. "देठापासून सुटलं तवा लगेच खाली नाय आलं. जरा थांबलं. खालचे फांदीवर टेकलं. मंग वारा आला एवढासा, न् गेलं."

"थांबलं?"

"हां. थांबलं होतं."

काका हळूच खुर्चीत बसले. काकूंनी सूप बाजूला ठेवलं, आपला पाट उचलून त्यांच्या खुर्चीला लागून मांडला आणि तोंड झाडाकडे करून बसल्या. आत कुकरच्या शिट्ट्या होत होत्या. माझी एसटी निघून गेली होती. दुसरं पान पडेपर्यंत तिथून कुणी उठलं नाही.